मद्याचा परवाना आणि नगराचा अखत्यार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एखाद्या नगराच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका वाचावयास घेतली, तर वरकरणी परस्परांशी काहीही संबंध नसलेली दोन कलमे तीत एकाखाली एक मांडलेली पुष्कळदा आढळतात. त्यांपैकी एक असते अमुक रस्त्यावरील उपाहारगृहाला मद्यविक्रीचा परवाना मिळावा की मिळू नये, मिळाल्यास रात्री किती वाजेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, याविषयीचे. आणि दुसरे असते येत्या वर्षी वॉशिंग्टन येथील काँग्रेसपुढे व केंद्र सरकारच्या खात्यांपुढे नगराने कोणत्या मागण्या अग्रक्रमाने मांडाव्यात, याविषयीच्या ठरावाचे. पहिल्या कलमाच्या वेळी शेजारपाजारचे रहिवासी, दुकानदार, धर्मोपदेशक आणि शाळकरी मुलांचे पालक आपापल्या हरकती व शिफारशी घेऊन सभागृहात बसलेले असतात. दुसऱ्याच्या वेळी ती मंडळी बहुधा निघून गेलेली असतात, कारण दूरच्या राजधानीत जे ठरते त्याचा आपल्या कोपऱ्यावरील दुकानाशी संबंध असेल असे त्यांस वाटत नाही. तो संबंध आहे, आणि तो उलगडून दाखविणे हा या प्रकरणाचा हेतू आहे. आपल्या रस्त्यावर काय चालावे हे ठरविण्याचा जो अखत्यार नागरिकांना स्वतःचा वाटतो, त्यातील फार थोडा भाग नगराच्या हाती असतो. उरलेला राज्याच्या आणि केंद्राच्या हाती असतो, आणि तेथून तो मागून घेण्याचे काम नगरपरिषदेला पिढ्यान् पिढ्या करावे लागते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टन या नगराइतके याचे बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत नगरांचा उल्लेखच नाही. केंद्र आणि घटक राज्ये यांच्यात सत्तेची वाटणी कशी असावी हे तीत सांगितले आहे. नगर मात्र राज्याच्या विधिमंडळाने सनद देऊन निर्माण केलेली संस्था ठरते. आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ साली रेल्वे कंपनीच्या एका खटल्यात हा सिद्धान्त अत्यंत कठोर शब्दांत मांडला: नगराला जीवन देणारे विधिमंडळ आहे, आणि जे देते ते काढूनही घेऊ शकते. या सिद्धान्ताविरुद्ध प्रतिक्रिया लवकरच उमटली. १८७५ च्या मिसूरी राज्याच्या घटनेने सेंट लुइस नगराला स्वतःची सनद स्वतः लिहिण्याचा हक्क दिला, आणि पुढे अनेक राज्यांनी या ना त्या स्वरूपात नगरांची स्वायत्तता मान्य केली. मॅसॅच्युसेट्सने ती १९६६ च्या घटनादुरुस्तीने मान्य केली. तथापि राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांशी विसंगत असे काही करण्याची मुभा तीत नाही, आणि मद्यपरवान्यांचा विषय तर अशा कायद्याने आधीच पुरता व्यापलेला आहे. नगराला त्याहून वेगळे काही हवे असल्यास नगरपरिषदेने ठराव करावा, महापौरांनी त्यावर सही करावी, मग तो अर्ज राज्याच्या विधिमंडळाकडे जावा, तेथे दोन्ही सभागृहांनी त्याला कायद्याचे रूप द्यावे आणि गव्हर्नरांनी मंजुरी द्यावी, असा क्रम आहे. यांतील कोणत्याही पायरीवर अर्ज अनंत काळ पडून राहू शकतो.

मद्याच्या बाबतीत राज्याने इतकी दक्षता का बाळगावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८३८ साली मॅसॅच्युसेट्सने असा कायदा केला की पंधरा गॅलनहून, म्हणजे सुमारे सत्तावन्न लिटरांहून, कमी प्रमाणात कडक दारू विकता येणार नाही. हेतू व्यसनाला आळा घालण्याचा होता. परिणाम असा झाला की श्रीमंताने पिंपच्या पिंप घरी नेऊन साठवावे यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि मजुराने एक पेला विकत घेणे मात्र गुन्हा ठरले. लोकांनी पळवाटा काढल्या. डेडहॅम गावी लष्करी कवायतीच्या दिवशी अंगावर पट्टे रंगविलेले डुक्कर एका तंबूत ठेवून ते पाहण्याचे पैसे घेण्यात आले, आणि पैसे देणाऱ्यास दर्शनाबरोबर रमचा पेला विनामूल्य मिळाला. हा कायदा १८४० मध्ये रद्द झाला. पुढे १८५१ मध्ये शेजारच्या मेन राज्याने, पोर्टलंड नगराचे महापौर नील डाउ यांच्या पुढाकाराने, संपूर्ण दारूबंदी केली. मॅसॅच्युसेट्सने दुसऱ्याच वर्षी तिचे अनुकरण केले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे बंदी व परवाना यांच्या धरसोडीत गेली. अखेर १८८१ साली जो तोडगा निघाला तो मला या सर्व इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दर वर्षी प्रत्येक नगरातील व गावातील मतदारांपुढे एकच प्रश्न ठेवावयाचा, की या वर्षी येथे मद्यविक्रीचे परवाने द्यावेत की देऊ नयेत. आणि बहुमत जे सांगेल ते त्या वर्षापुरते पाळावयाचे. चार्ल्स नदीच्या एका काठावरील केंब्रिजने १८८६ मध्ये नकार दिला आणि राष्ट्रव्यापी दारूबंदी येईपर्यंत तो कायम ठेवला. दुसऱ्या काठावरील बोस्टन होकार देत राहिले. मधल्या पुलांवरून माणसांची ये-जा अर्थातच थांबली नाही, आणि स्थानिक निर्णयाची मर्यादाही तेथेच दिसून येते. पण आपल्या वस्तीचा निर्णय आपण केला आणि पुढल्या वर्षी तो फिरविता येईल, ही जाणीव नागरिकांत जागती राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही पद्धत अगदीच परकी वाटू नये. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील पुरेशा मतदारांनी, किंवा केवळ महिला मतदारांनी, सह्यांनिशी मागणी केली तर तेथील दारूचे दुकान बंद करावे की नाही यावर गुप्त मतदान घेतले जाते, आणि मतपत्रिकेवरील उभी बाटली व आडवी बाटली ही चिन्हे गावोगावच्या बायकांनी आपल्या चळवळीच्या घोषणांत केव्हाच सामावून घेतली आहेत. भेद आहे तो असा, की मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रश्न दर वर्षी आपोआप मतदारांपुढे येत असे, तर आपल्याकडे तो यावा म्हणून आधी सह्यांची मोहीम उभारावी लागते, आणि दुकान बंद व्हावयाचे तर केवळ मतदानास आलेल्यांपैकी नव्हे, तर नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचा कौल लागतो.

मतदारांनी होकार दिला तरी परवाने कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न उरतोच. आणि बोस्टनचा खरा इतिहास येथून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेली माणसे हजारोंच्या संख्येने या बंदरात उतरली. त्यांची मुले मोठी झाली, मतदार झाली, आणि जानेवारी १८८५ मध्ये ह्यू ओब्रायन हे आयर्लंडमध्ये जन्मलेले पहिले महापौर म्हणून बोस्टनच्या गादीवर आले. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने, जेथे जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांचे आणि ग्रामीण भागाचे प्राबल्य होते, बोस्टनचे पोलीस दल महापौरांच्या हातून काढून गव्हर्नरांनी नेमलेल्या मंडळाकडे सोपविले आणि मद्यपरवान्यांचे कामही त्याच मंडळाकडे दिले. १९०६ मध्ये परवान्यांसाठी तीन सदस्यांचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्याच्या नेमणुकाही गव्हर्नरांकडेच राहिल्या. व्यसनाविषयीची कळकळ या निर्णयांमागे होतीच, आणि त्या काळच्या गुत्त्यांतून राजकीय लाचलुचपत चालत असे हेही खरे. पण नवागतांच्या हाती नगराची सत्ता जाताच तीतील महत्त्वाचे कलम काढून घेतले गेले, हा योगायोग मानणे मला शक्य नाही. ज्या नगराने स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी टाकली त्या नगराला आपल्या हद्दीतील उपाहारगृहांचे परवाने देणारे अधिकारी नेमण्याचा हक्क त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे नव्हता.

केंद्र सरकारचा या व्यवहारात प्रवेश झाला तो प्रथम महसुलाच्या दाराने. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये मद्यावर अबकारी बसविण्यात आली, आणि आयकर येण्यापूर्वीच्या काळात केंद्राच्या खजिन्यातील साधारण एकतृतीयांश भरणा या एका मार्गाने होत असे. १९१३ च्या घटनादुरुस्तीने आयकराचा मार्ग मोकळा झाला, आणि मद्याच्या उत्पन्नावाचून राज्यकारभार चालेल असे म्हणण्यास दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांना आधार मिळाला. जानेवारी १९२० पासून अठराव्या घटनादुरुस्तीने सबंध देशात बंदी आली. १९३३ च्या डिसेंबरच्या ५ तारखेला युटा हे छत्तिसावे राज्य अनुकूल झाले आणि एकविसाव्या दुरुस्तीने ती उठली. या एकविसाव्या दुरुस्तीचे दुसरे कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे, कारण एखाद्या राज्याच्या कायद्याविरुद्ध त्या राज्यात मद्य आणणे त्याने निषिद्ध ठरविले, आणि त्यामुळे मद्यनियंत्रणाचा भार राज्यांवर येऊन पडला. बंदीपूर्वी बियरच्या कारखानदारांनी गुत्ते आपल्या अंकित ठेवून विक्रीचा अतिरेक घडविला होता, हा अनुभव ताजा असल्याने बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता हे तीन वर्ग अलग ठेवले. काही राज्यांनी घाऊक व्यापार स्वतःच्याच हाती घेतला, आणि आजही सतरा राज्यांत त्याचे काही ना काही रूप टिकून आहे. मॅसॅच्युसेट्सने खासगी विक्रेत्यांना परवाने देण्याचा मार्ग पत्करला, पण परवान्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घातली आणि बोस्टनची मर्यादा स्वतंत्रपणे ठरविली.

राज्यांच्या हाती गेलेला हा विषय केंद्राने पुन्हा आपल्या प्रभावाखाली कसा आणला, याची हकीकत राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षपूर्वक अभ्यासावी अशी आहे. १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरा झाले आणि त्या लाटेत अनेक राज्यांनी मद्यपानाचे कायदेशीर वयही खाली आणले; मॅसॅच्युसेट्सने ते १९७३ मध्ये अठरा केले. त्यानंतर तरुण चालकांच्या अपघातांनी लोकमत हादरले. राज्याने १९७९ मध्ये ते वय वीसवर नेले. परंतु शेजारच्या राज्याचे वय कमी असेल तर मुले गाडी घेऊन सीमेपलीकडे जातात आणि परतताना मरतात, ही अडचण एकट्या राज्याला सोडविता येत नव्हती. जुलै १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने वयाचा हुकूम काढला नाही. त्याने एवढेच सांगितले की जे राज्य एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकत घेऊ देईल त्याच्या महामार्ग अनुदानातून पहिल्या वर्षी पाच आणि नंतर दहा टक्के रक्कम रोखली जाईल. साउथ डकोटा राज्यात एकोणिसाव्या वर्षापासून सौम्य बियर घेण्यास परवानगी होती; ते राज्य न्यायालयात गेले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने केंद्राची बाजू उचलून धरली. एवढ्या अल्प रकमेची अट म्हणजे सक्ती नव्हे, आणि सुरक्षित प्रवास हा महामार्गांच्या खर्चाचा एक मूळ हेतूच आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी भिन्नमतपत्रिकेत विचारलेला प्रश्न मात्र आजही विचारार्ह आहे: रस्त्यासाठी दिलेल्या पैशाच्या आधारे रस्त्याशी दूरान्वयाने संबंधित असलेल्या प्रत्येक सामाजिक व्यवहाराला अट घालता येऊ लागली, तर त्या अटीला अंत कोठे? मॅसॅच्युसेट्सने १९८५ मध्येच वय एकवीस केले होते. बोस्टनच्या उपाहारगृहातील नोकर ज्या वेळी तरुण गिऱ्हाइकाचे ओळखपत्र मागतो, त्या वेळी तो राज्याचा कायदा आणि परवान्याची अट पाळीत असतो, आणि त्या दोहोंच्या मागे वॉशिंग्टनचे अनुदान उभे असते.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे केंद्राकडील अग्रक्रमांचा ठराव नीरस वाटेनासा होतो. नगरपरिषदेला केंद्रीय धोरणावर हुकूम चालविता येत नाही. ती फक्त मागू शकते, आणि मागण्याची कला तिला संघटितपणे अंगी बाणवावी लागली. १९२४ मध्ये नगरांच्या राष्ट्रीय संघाची आणि १९३२ मध्ये, मंदीने नगरांची तिजोरी रिती केली असता, महापौरांच्या परिषदेची स्थापना झाली. दर वर्षी मार्च महिन्याच्या सुमारास नगरसेवक वॉशिंग्टनला जमतात आणि आपापल्या प्रतिनिधींच्या दालनांत याद्या घेऊन जातात. त्या यादीत काय असते? १९७४ मध्ये सुरू झालेले वस्तीविकासाचे सरसकट अनुदान, जे घरे, गटारे, सामुदायिक केंद्रे अशा कामांवर नगराला पुष्कळशा स्वेच्छेने खर्च करता येते, ते कापले जाऊ नये. नगराच्या कर्जरोख्यांवरील व्याजाला आयकरातून असलेली सूट कायम राहावी. वाहतुकीचा पैसा राज्याच्या मध्यस्थीवाचून थेट मिळावा. १९७२ मध्ये सुरू झालेली केंद्रीय उत्पन्नातील बिनशर्त वाटणी १९८६ मध्ये बंद पडली, हे नगरे विसरलेली नाहीत. नशिबाने मिळालेले अनुदान एका अंदाजपत्रकासरशी जाते, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. मद्याचा विषयही या यादीला शिवून जातो. अल्पवयीनांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी झटणाऱ्या स्थानिक मंडळांना १९९७ च्या कायद्याने केंद्राकडून थेट अनुदान मिळते. आणि २०२१ मध्ये, महासाथीने उपाहारगृहे ओस पडली असता, काँग्रेसने त्यांच्यासाठी २८.६ अब्ज डॉलरांचा निधी उभारला, तो काही आठवड्यांतच संपला आणि असंख्य अर्जदार रिकाम्या हातांनी परतले. ज्या मालकाने परवान्यासाठी कर्ज काढले होते त्याच्या दृष्टीने राजधानीतील निधी संपणे आणि गल्लीतील दुकान बंद होणे ही एकच घटना होती.

यादी करण्यातही एक शिस्त आहे, आणि नगरपरिषदेच्या चर्चेचे मोल मला त्या शिस्तीत दिसते. सर्वच मागण्या अग्रक्रमाच्या असतील तर अग्रक्रम राहत नाही. घरांसाठी पैसा आधी मागावा की पाण्याच्या नळांसाठी, हे उघड्या सभेत ठरवावे लागते, आणि कोणाची गरज मागे ठेवली हे ज्याची गरज मागे राहिली त्याच्यासमक्ष सांगावे लागते.

आता परवान्याच्या प्रत्यक्ष कामकाजाकडे वळू. अमेरिकेत याची एक पद्धत नाही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे परवाना समिती शिफारस करते आणि मंजुरी नगरपरिषद देते. शिकागोत निवडणुकीच्या एखाद्या लहानशा विभागातील मतदार आपला विभाग मद्यविक्रीवाचून ठेवण्याचा कौल आजही देऊ शकतात. बोस्टनमध्ये अर्ज येतो तो परवाना मंडळाकडे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. लगतच्या मिळकतदारांना आणि पाचशे फुटांच्या आतील शाळा, प्रार्थनामंदिरे व रुग्णालये यांना टपालाने कळवावे लागते. त्यानंतर वस्तीतील सभा होते, रहिवासी संघ आपले मत कळवितात, त्या विभागाचे नगरसेवक पत्र देतात, आणि मग मंडळापुढे सुनावणी होते. कायद्याने कसोटी घालून दिली आहे ती लोकांच्या गरजेची व सार्वजनिक हिताची. परवाना हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून प्रश्न विचारले जातात ते असे: खुर्च्या किती, जेवण मिळणार की केवळ पेय, अंगणात बसविणार असाल तर किती वाजता आत घेणार, कचरा कोण व केव्हा उचलणार, वाद्ये वाजणार काय. मंडळाने होकार दिला तरी राज्याच्या मद्यनियंत्रण आयोगाची संमती लागते आणि नकार दिल्यास त्याच आयोगाकडे दाद मागता येते. संध्याकाळच्या काही घटका पेय स्वस्त देण्याची सवलत ठेवावी की नाही, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबतीतही नगराचे काही चालत नाही. मॅसॅच्युसेट्सने १९८४ मध्ये ती सवलत राज्यभर बंद केली, आणि असे करणारे ते पहिले राज्य होते.

या सुनावणीचा अर्थ काय, हे केंब्रिजमधील एका खटल्याने फार सुंदर रीतीने स्पष्ट केले. हार्वर्ड चौकातील ग्रेंडेल्स डेन नावाच्या उपाहारगृहाने १९७७ मध्ये परवान्यासाठी अर्ज केला. त्याच्या मागील भिंतीपासून अवघ्या दहा फुटांवर आर्मेनियन कॅथलिक पंथाचे चर्च होते. राज्याचा कायदा असा, की पाचशे फुटांच्या आतील चर्चने किंवा शाळेने लेखी हरकत घेतली तर परवाना देता येणार नाही. आसपास वीसहून अधिक परवानाधारक आधीपासून होते; तरी चर्चने या नव्या अर्जाला हरकत घेतली आणि अर्ज फेटाळला गेला. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाने चर्चची चिंता अमान्य केली नाही. शाळा आणि प्रार्थनामंदिरे यांच्या सान्निध्याचा विचार राज्याने जरूर करावा, त्यांचे म्हणणे सुनावणीत ऐकून त्याला पुरेसे वजनही द्यावे, असेच त्याने म्हटले. आक्षेप होता तो शासनाचा निर्णय धार्मिक संस्थेच्या हाती, कारण सांगण्याचे बंधनही न घालता, सोपविण्यावर. हरकत घेणाऱ्याचे ऐकून घेणे आणि हरकत घेणाऱ्याच्या हाती निकाल देणे यांतील ही रेषा ज्या नगरसभेला ओळखता येते तीच खऱ्या अर्थाने विचारविनिमय करते. माझ्या मते शेजाऱ्याला बोलण्याचा पूर्ण अधिकार असावा, आणि निर्णय करणाऱ्याने आपली कारणे नोंदवून द्यावीत. या दोहोंपैकी एक वगळले तरी सुनावणी पोकळ होते.

परंतु बोस्टनच्या वस्त्यांवर जो अन्याय होत होता तो कोणत्याही सुनावणीने दूर होण्यासारखा नव्हता, कारण वाटावयास परवानेच शिल्लक नव्हते. संख्या कायद्याने गोठविलेली. जुना परवाना मात्र मंडळाच्या संमतीने एकाने दुसऱ्याला विकता येणारा. परिणामी परवान्याला बाजारभाव आला, आणि तो वाढत वाढत काही लाख डॉलरांवर जाऊन पोहोचला. ज्यांच्यामागे मोठे भांडवल होते त्यांनी नगराच्या मध्यभागासाठी आणि बंदराकाठच्या नव्या श्रीमंत भागासाठी परवाने विकत घेतले. रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, मॅटपॅन या कृष्णवर्णीय व स्थलांतरित लोकांच्या वस्त्यांतून ते हळूहळू निघून गेले. उपाहारगृहाचा हिशेब ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक असते की अन्नावरील नफा अत्यंत तुटपुंजा असतो आणि पेयाच्या विक्रीवर पुष्कळदा सारा डोलारा उभा असतो. परवाना नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून उपाहारगृह निघत नाही, आणि उपाहारगृह नाही म्हणून त्या वस्तीतील माणसाला लेकीच्या पदवीदानाचा आनंद साजरा करावयास नगराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. १८८५ मध्ये आयरिश लोकांवरील अविश्वासापोटी नगराबाहेर नेलेल्या अखत्याराची किंमत शतकानंतर दुसऱ्याच नवागतांनी व दुर्बलांनी मोजली.

या प्रश्नाला नगरपरिषदेत वाचा फोडली ती प्रामुख्याने आयाना प्रेस्ली यांनी. २००९ मध्ये निवडून आलेल्या त्या बोस्टन नगरपरिषदेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य. त्यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या अर्जाला २०१४ मध्ये राज्याची मंजुरी मिळाली. परवाना मंडळाच्या नेमणुका महापौरांकडे परत आल्या, आणि तीन वर्षांत मिळून ७५ नवे परवाने देण्याची परवानगी मिळाली. त्यांतील बहुतांश विवक्षित वस्त्यांसाठी राखीव होते, आणि ते विकता येणार नव्हते. धंदा बंद झाला की परवाना मंडळाकडे परत यावयाचा. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण तिने परवान्याला मालमत्तेच्या वर्गातून काढून पुन्हा सार्वजनिक विश्वस्ततेच्या वर्गात आणले. प्रेस्ली २०१९ पासून काँग्रेसच्या सदस्य आहेत. म्हणजे ज्या दालनांत नगरे आपल्या अग्रक्रमांच्या याद्या घेऊन जातात त्यांपैकी एक दालन आता त्यांचे आहे.

विरोधकांचे म्हणणेही ऐकण्याजोगे होते. ज्या लहान मालकाने आयुष्यभराची पुंजी ओतून जुना परवाना विकत घेतला, त्याच्या शेजाऱ्याला तोच जवळजवळ विनामूल्य मिळावा हे त्याला कसे रुचावे? आणि मद्यविक्रीची ठिकाणे एका भागात फार दाटू देऊ नयेत, अशी सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञांची शिफारस आहे, तीही हलकी मानता येत नाही. मला वाटते, येथे बाटली बांधून देणारे दुकान आणि जेवणाच्या टेबलावर पेला देणारे उपाहारगृह यांच्यात भेद करावयास हवा, आणि बोस्टनच्या अर्जाने तो केला होता. संख्या वाढवावी की नाही, यापेक्षा ती कोठे आणि कोणत्या प्रकारच्या धंद्यासाठी वाढवावी हा विचार अधिक फलदायी ठरला.

एवढे होऊनही संख्या ठरविण्याचा हक्क नगराला मिळाला नाही. ७५ परवाने संपले. महासाथ आली आणि गेली. नगरसेवक ब्रायन वॉरेल यांच्या पुढाकाराने परिषदेत पुन्हा अर्ज तयार झाला, महापौर मिशेल वू यांनी त्यावर सही केली, आणि तो राज्याच्या विधिमंडळाच्या दाराशी जाऊन बसला. दोन्ही सभागृहांत मसुद्यांची अदलाबदल झाली, २०२४ च्या उन्हाळ्यातील नियमित अधिवेशन निर्णयावाचून संपले, आणि सप्टेंबरात गव्हर्नर मोरा हीली यांनी जो कायदा मंजूर केला त्याने बोस्टनला २२५ नवे परवाने दिले. त्यांतील फार मोठा हिस्सा तेरा टपाल-विभागांत वाटून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यावयाचा आहे, आणि तो अहस्तांतरणीय आहे. केवळ थोडे परवाने नगरात कोठेही वापरता येतील असे ठेवले आहेत. कोणत्या विभागाला किती हा तक्ता परवाना मंडळाने केलेला नाही, तो राज्याच्या कायद्यातच लिहिलेला आहे. तो संपल्यावर मॅटपॅनमधील एखाद्या स्वयंपाकिणीला सव्विसाव्या टेबलासाठी नव्हे, तर पहिल्याच पेल्यासाठी परवाना हवा असेल, तर परिषदेला पुन्हा ठराव करावा लागेल, महापौरांना सही करावी लागेल, आणि बीकन टेकडीवरील राज्यसभागृहात नवा अर्ज दाखल करावा लागेल.